बाळापूरची डाक आणि माझा पहिला नंबर

मी पुण्याहून निघालो त्या सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी फळीवरचे पाच कप पुसून दोन्ही बाजूंना सरकवले आणि मधली जागा रिकामी ठेवली. तिथे उगाच दोनदा फडके मारले. पुणे, सातारा, सांगली, नाशिक, सोलापूर एवढ्या गावांच्या सडकांवर मी धावलो आणि दर ठिकाणी दुसरा आलो. शाळेत मी ड्रॉइंग मास्तर, पण माझ्या पाठीमागे मुले मला 'दुसरे मास्तर' म्हणतात हे मला ठाऊक आहे. वय अडतीस, गुडघे कुरकुरू लागलेले. तेव्हा एकदाच, कुठेही का होईना, पहिला नंबर मिळवायचा आणि मग कॅनव्हासचे बूट खुंटीला टांगायचे, असे ठरवून मी वऱ्हाडचे तिकीट काढले होते.

वऱ्हाडच का, तर लागोपाठच्या दोन रविवारी अमरावतीला आणि अकोल्याला सडकेवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती आहेत, असे माझा मित्र दाजीसाहेब याने कळवले होते. हा अमरावतीला वकिली करतो. शिवाय माझा स्वतःचा एक अंदाज होता. वऱ्हाडी माणूस खाऊनपिऊन सुखी, चार पावले जायचे तरी बंडी (बैलगाडी) जुंपणारा. त्यांच्यात धावणार कोण? हा अंदाज मी कोणापाशी बोललो नाही, एवढे एक शहाणपण माझ्या हातून झाले.

मनमाडला गाडी बदलली, भुसावळला चहा घेतला आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर वेचणीला आलेला कापूस. नजर पोहोचेल तिथवर चढ म्हणून नाही. असला मुलूख पाहून धावणाऱ्या माणसाला काय आनंद होतो ते इतरांना कळायचे नाही. समोरच्या बाकावर संत्र्यांची टोपली घेऊन एक शेतकरी बसला होता.

“कुठं चालले जी?” त्याने विचारले.

“अमरावतीला. शर्यत आहे.”

“घोड्याईची?”

“नाही, माणसांची. मीच धावणार आहे. बारा मैल.”

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. “काहून? कोणी मांगं लागलं काय?”

कोणी मागे लागलेले नाही, आपण होऊनच धावायचे असते, असे मी समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग टोपलीतली दोन मोठी संत्री काढून, आजाऱ्याला द्यावीत तशी, माझ्या हातावर ठेवली.

बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या फाट्याची छोटी आगगाडी धरली आणि अमरावती गाठली. दाजीसाहेबाचे घर परकोटाच्या आत, अंबा दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी दरवाज्याबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली असे आणि तिच्यातून वाट काढणे हीच एक शर्यत होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी दुपारी फक्त वरणभात घेणार होतो. वहिनींनी ते ऐकूनच घेतले नाही.

“खासान नाही तं धावसान कसे?” असे म्हणून त्यांनी पानात सांभारवडी वाढली (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात). नंतर बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आला, त्यावर हिंगाची फोडणी आली, आणि मी नको म्हणताच पुन्हा सांभारवडी आली. पुण्यात एकदा नको म्हटले की वाढणारा पुढे सरकतो. इकडे तो शब्द ऐकून वाढणाऱ्याला हुरूप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबा दरवाज्यापाशी आम्ही पंधरा-वीस जण उभे राहिलो. बडनेऱ्याला जाऊन परत यायचे होते. माझ्या शेजारी पन्नाशीचा एक काळासावळा, काटकुळा गृहस्थ होता. डोक्याला लाल मुंडासे, पाय अनवाणी आणि हातात घुंगरांचा झुबका बांधलेली काठी. पूर्वी टपालाची थैली घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्यांकडे असायची तसली. मी लगेच पंचांकडे गेलो.

“काठी घेऊन धावणं नियमात बसतं का?”

पंचांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “काठी आणू नये असं कुठं लिहिलेलं नाही जी.”

फटाका वाजला. पहिल्या मैलात घुंगरे माझ्या शेजारी वाजत होती. चौथ्या मैलात ती पुढे कुठेतरी वाजत होती. परतीच्या वाटेवर सांभारवडीने पोटात ठाण मांडले आणि घुंगरे ऐकू येईनाशी झाली. मी दुसरा आलो.

संध्याकाळी तो गृहस्थ आपण होऊन दाजीसाहेबाच्या ओट्यावर आला. त्याचे नाव उकंडाजी. राहणार बाळापूरचा, लेकीकडे म्हणून अमरावतीला आलेला. बाळापूरच्या सडकेवर तेवीस वर्षे त्याने डाक वाहिली होती. दोन वर्षांपूर्वी डाक मोटारीने जाऊ लागली आणि त्याला घरी बसवले.

“काठी परत मांगाले कोणी आलंच नाही,” तो म्हणाला. “घरी बसून पाय दुखतेत. म्हनून धावतो. तुमी बरे धावता मास्तर, पन दर खेपेले मांगं वळून पाहाता. पुढच्या रईवारी अकोल्याच्या शर्यतीले या. बाळापूर ते अकोला. ते माही सडक हाय.”

त्याची सडक म्हणजे माझा सातवा दुसरा नंबर ठरलेलाच. तरी गेलो. पाच कपांमध्ये ठेवलेली ती रिकामी जागा डोळ्यांपुढून हलत नव्हती.

अकोल्याहून मोटारीने बाळापूरला पोहोचलो तो शनिवार. दोन नद्यांच्या मध्ये उंचावर बसलेला किल्ला पाहिला, त्यांतल्या मन नदीच्या पाण्यात पाय बुडवले आणि उकंडाजीच्या घरी उतरलो. त्याच्या भावांचा नदीकाठी मळा आहे. मळ्यातल्या वांग्यांची भाजी आणि भाकर वाढताना त्याच्या बायकोने चुलीजवळच्या एका चकचकीत भांड्यातून मीठ घेतले. पाहतो तो अमरावतीचा पहिल्या नंबरचा कप.

“झाकन बी हाय त्याले,” ती कौतुकाने म्हणाली. “मुंग्या लागत नाहीत.”

मी इतकी वर्षे ज्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावलो ते या घरात मिठाचे भांडे झाले होते. मला त्या माणसाचा मनापासून राग आला. भाजी मात्र दोनदा घेतली.

रविवारी सकाळी किल्ल्यापासून शर्यत सुटली. सोळा मैलांची सडक. सुटताक्षणी उकंडाजी पुढे, त्याच्या मागे मी, आणि माझ्या मागे अकोल्याच्या कापूस पिंजायच्या जिनिंग कारखान्यातला एक उंच फिटर. पाच मैल मी घुंगरांमागे नेटाने टिकलो. सहाव्या मैलावर व्याळा गावाच्या अलीकडे एक मोठा निंब आहे. तिथे पोहोचलो तर उकंडाजी निंबाखाली थांबलेला, कोणाच्या तरी हाती द्यायला काठी पुढे धरून.

“काय झालं? पाय मुरगळला?” मी धापा टाकत विचारले.

“नाही जी. माही हद्द सरली.”

“कसली हद्द?”

“बाळापूर ते हा निंब माही. इथून पुढं गनपतची. मी आनाव, त्यानं न्याव. तेवीस साल डाक घेऊन याच्या पुढं पाऊल टाकलं नाही.”

“अहो, पण ही शर्यत आहे! आणि गणपत कुठे आहे?”

“गनपत मरून गेला ना! मोटार सुरू झाली त्याच साली.” तो ओशाळून हसला. “मले समजते मास्तर. पायाईले कोन समजावीन? अमरावतीले त्याईले मालूमच नव्हतं का थांबाचं कुठं. इथं मालूम हाय.”

“चला पुढे,” मी म्हणालो. त्याने एक पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. “चला हो,” मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा मात्र म्हणालो नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण मागून फिटरचे बूट वाजू लागले होते आणि माझ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच मोकळी सडक होती.

“मंग तुमीच न्या काठी,” उकंडाजी म्हणाला. “डाक थांबाले नाही पाह्यजे.”

काठी घेतली आणि सुटलो. घुंगरांचा आवाज ऐकताच कापसाच्या बंड्या “डाक, डाक!” करत बाजूला होऊ लागल्या. एरवी माझ्या पोटऱ्यांवर डोळा ठेवणारी गावची कुत्री शेपट्या हलवत बसून राहिली. अशी इज्जत मला पुण्यात कधी मिळाली नव्हती. आपण खरोखरच सरकारी कामावर आहोत असे वाटून मी छाती काढून धावू लागलो.

पुढे रिधोरा गावाशी एक म्हातारी काठी टेकत ऐन सडकेत आली आणि तिने हात पसरला.

“माह्या लेकाचं पत्र हाय काय बापू? नागपूरले गिरनीत हाय तो.”

फिटर शंभर पावलांवर होता. मी तिला वळसा घालत ओरडलो, “उद्या, आजी, उद्या!”

“बरं,” ती मागून म्हणाली. “उद्या इथंच बसून राहीन मंग.”

अकोल्यात शिरताना मोर्णा नदीचा पूल ओलांडला तेव्हा पलीकडच्या मांडवातली माणसे घुंगरे ऐकून उठून उभी राहिली. “उकंडा आला! उकंडा आला!” असा गजर झाला आणि मान वर करायच्या आत माझ्या गळ्यात हार पडला. मग लोकांनी तोंड पाहिले आणि गजर थांबला. काठी माझी नव्हे, वाटेत असे असे झाले, हे मी पंचांना सांगून टाकले.

“सोळा मैल आपल्याच पायांनी आले ना?” पंच म्हणाले.

“आलो.”

“मग झालं तर. काठी आणू नये असं नियमात नाही.”

कप हातात पडला. त्यावर 'प्रथम' असे कोरलेले होते आणि मी ते चार वेळा वाचले. खोटे कशाला सांगू, मला रडू आले.

तासाभराने बाळापूरची मोटार आली. हल्ली डाक नेते तीच ही मोटार. उकंडाजी ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसला होता. कपाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

“टायमावर पोचली ना?” त्याने विचारले.

“पोचली,” मी म्हणालो.

“वाटंत कोनी काई इचारलं?”

रिधोऱ्याची गंमत मी हसत हसत सांगितली. त्याचा चेहरा उतरला.

“उद्या म्हनाले तुमी? मास्तर, डाकवाला तसं म्हनत नसते. 'आज नाही' म्हनाव अन् पुढं जाव. उद्या म्हटलं का ते मानूस उद्या वाट पाहाते.”

“मग तुम्ही उद्या मोटारीतून जाताना सांगा ना तिला.”

“ते गनपतची हद्द. अन् शब्द तुमी देल्ला.” मी परत दिलेली काठी त्याने पुन्हा माझ्याकडे सरकवली. “तुमीच जा.”

मी कप मांडीवर घेतला. फिटरला शंभर पावले मागे ठेवायला मी त्या म्हातारीचा एक दिवस वापरला होता. हे एकदा मनात आले आणि मग कपावरचे अक्षर पाचव्यांदा वाचवेना.

सोमवारी उजाडताच निघालो. पायाला फोड, अंगात ठणका. मोर्णेचा पूल ओलांडला तेव्हा ना मांडव होता, ना पंच, ना मागे फिटर. रिधोऱ्यापर्यंतचे सहा-सात मैल सडकेवर धावणारा मी एकटाच होतो. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्या दिवशी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

म्हातारी सडकेच्या कडेला बसलेली होती. तांबडे फुटल्यापासून बसली असावी.

“आजी, आज पत्र नाही,” मी म्हणालो.

“नाही तं नाही,” ती म्हणाली. “पन सांगाले आला ना तू? ते मोटार तं भुर्रकन जाते, थांबतच नाही. नाही हे बी समजत नाही मानसाले.”

तिने भाकर आणि ठेचा समोर ठेवला. घरी खुशाली कळवायला घेतलेले कोरे कार्ड माझ्या खिशात होते. ते काढले आणि ती सांगेल ते लिहून घेतले. तिची तब्येत बरी आहे, गाय व्याली, तू पत्र टाक. शेवटी तिने माझ्याकडे नीट पाहून घेतले. “अन् लिव्ह, नवा डाकवाला आला हाय. मानूस बरा हाय, पन लई धापा टाकते.”

तेही लिहिले.

बाळापूरकडे जाणारी मोटार दिसली तेव्हा मी काठी आडवी धरून सडकेत उभा राहिलो. ड्रायव्हरने शिव्या देत मोटार थांबवली. आत उकंडाजी होताच. त्याने कार्ड घेतले, काठी घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “हे म्हातारी दिसली का रोज थांबत जाय. हो का नाही, एवढंच सांगाचं.” ड्रायव्हर पुटपुटला, पण त्याने मान हलवली. उकंडाजीने मला हात जोडले नाहीत की शाबासकी दिली नाही. मोटार हलताना त्याने काठी एकदा खळखळवली, तेवढेच.

परत अकोल्याला मी कापसाच्या बंडीतून आलो. चार पावलांना बंडी जुंपणाऱ्यांबद्दल माझे जे मत होते ते मी त्या कापसावर पाठ टेकून, दोन्ही तळवे वर करून, मागे घेतले.

पुण्याला पोहोचलो तेव्हा फळीवरची मधली जागा तशीच होती. सौभाग्यवतींनी कप हातात घेतला, उजेडाकडे धरून अक्षर वाचले आणि त्यांचा चेहरा फुलला.

“म्हणजे अखेर पहिले आलात तर!”

“आलो,” मी म्हणालो. “सोमवारी. हा कप मात्र आदल्या दिवसाचा आहे.”