खूर, कांदा आणि माझं नाक

माझ्या नाकाबद्दल मी आजवर जे सांगत आलोय त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि उरलेल्या निम्म्यात तिखटमीठ आहे. घोटीच्या बाजारात उभं राहून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या भट्टीत आज ओला कोळसा पडलाय की सुका ते मी सांगतो, अशी माझी ख्याती. ती पसरवली मीच. पारावर माणसं हसायची, चहा पाजायची आणि म्हणायची, "अण्णा, अजून एक होऊन जाऊ द्या." ही गोष्ट मात्र खरी आहे, म्हणूनच सांगायला जीभ उचलत नाही.

आमच्या गावात लग्नाची घोडी एकच. मालकीण म्हणजे साठीला टेकलेली एक मावशी. नवरा गेल्यावर ती घोडी विकेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं उलट स्वतःच लगाम धरला आणि नवरदेव मिरवायला लागली. उन्हाळ्यातल्या लग्नांत घोडी नाचली, तर दोघींचं वर्षभर भागायचं.

त्या वैशाखात वादळानं तिच्या गोठ्याचे पत्रे उडाले. मी चार माणसांदेखत म्हणालो, "मावशी, माझ्या कांद्याच्या चाळीमागं सावली आहे, तिथं बांध." सावली होती. चाळीतून निवडून फेकलेल्या सडक्या कांद्यांचा ढीगही होता. तो उचलतो म्हणालो होतो, उचलला नाही.

चौथ्या दिवशी गावात लग्न. घोडीवर झूल चढली, नवरदेवानं रिकिबीत पाय घातला, तेवढ्यात त्याच्या मामानं नाकाला रुमाल लावला. "कसला हो वास हा?"

सगळे माझ्याकडे वळले. वळणारच. मी पुढे झालो, घोडीचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खुराला नाक लावलं. बँडवालेसुद्धा थांबले.

"खूर सडलाय," मी म्हणालो. "पार हाडापर्यंत. नवरदेव बसवाल, तर मारुतीच्या देवळाशी घोडी खाली आणि नवरदेव तिच्याखाली!"

"काय बोलता अण्णा!" मावशी म्हणाली. "सकाळी तर नाचली ती. लंगडली का कुठं?"

"सडका खूर आधी वास मारतो, मग लंगडतो." हे मला तिथंच सुचलं.

नवरदेव गाडीतून गेला. मावशीनं सगळ्यांसमोर घोडीची झूल उतरवली, घडी घालून खांद्यावर टाकली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. दोन दिवसांत दोन लग्नघरांनी तिला नको म्हणून कळवलं. माझ्या गोष्टींना एरवीही पाय फुटतात. ही तीन पायांवर पळाली. पलीकडच्या गावात पोचेपर्यंत घोडीचा खूर मांडवात गळून पडला होता.

मावशीनं मालेगावहून नालबंद बोलावला आणि मलाही. "रोग तुम्ही ओळखला अण्णा, तुम्ही जवळ असलेलं बरं."

नालबंदानं खूर उचलला, आकडी घातली आणि आतून काहीतरी तपकिरी, बुळबुळीत ओढून काढलं. पापुद्र्यावर पापुद्रा. त्यानं ते हुंगलं आणि हसला. "मावशी, खूर एकदम ठणठणीत आहे. ये तो कांदा है! साफ खुराला ओल्या मातीसारखा वास असतो. बाकी घोडी जिथं उभी राहते, तिथला वास खुराला लागतो. बांधली कुठं होती?"

मावशीनं मान वळवली. माझ्याकडे पाहिलंही नाही. चाळीकडे पाहिलं.

आता सांगायचं ते सांगतो. लग्नात नाक खुराला लावलं त्याच क्षणी मला कळलं होतं. तो वास माझ्या सदऱ्याला, उशीला उन्हाळाभर असतो. पण बँड माझ्यासाठी थांबला होता. "कांदा आहे" म्हटलं असतं, तर पुन्हा सुरू झाला असता.

पारावर जाऊन मी सगळं कबूल केलं. लोक पोट धरून हसले. "खुरात कांदा? अण्णा, आता भजी तळा!" खोटं बोललो तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

हंगामातलं शेवटचं लग्न उरलं होतं. नवऱ्यामुलाच्या बापाकडे गेलो. तो म्हणाला, "तुमचं नेमकं कुठलं खरं धरायचं?" मी म्हणालो, "तुमच्या पोराआधी मी बसतो. पडलो तर पडलो."

मावशीला विचारलं. ती घोडीची मान खाजवत म्हणाली, "बसा. पण तोंड उघडायचं नाय."

भर दुपारी, माझं हे एवढं धूड नवरदेवाच्या घोडीवर, वेशीपासून मारुतीपर्यंत. पुढे मावशी. पोरांनी मोबाइल काढले, बायका दारात आल्या, कुणीतरी ओरडलं, "अण्णा, नवरी कुठंय?" घशापर्यंत उत्तर आलं होतं, चांगलं होतं. गिळलं. घोडी टापा वाजवत, मान उडवत चालली. देवळाशी बाप उभा होता. त्यानं मावशीला विचारलं, "गुरुवारी किती वाजता आणाल?"

मी उतरलो. मावशी लगाम गुंडाळत म्हणाली, "आणि तो ढीग उचला. घोडीला सावली लागते."

त्याच दुपारी उचलला. चौदा पाट्या निघाल्या. चौदाच.