पुरीवहिनींचं बोट

पुरीवहिनींच्या पर्समध्ये कंगवा, किल्ल्या आणि भरलेलं पिस्तूल असायचं. गोळ्यांचं नव्हे, डोळे जाळणारा गॅस सोडणारं. पण दिसायला अगदी खरं, आणि लपवून जवळ बाळगायचा रीतसर परवाना असलेलं. जर्मनीत, गेर्लिंगेन गावी, आमच्या खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांची मुलगी रेवा राहायच्या. नवऱ्याने दारात चेंगरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं अधू केली होती. घटस्फोट झाला, कोर्टाने त्याला जवळ फिरकायची बंदी घातली, तरी निरोप यायचेच: "रेवाला नेणार. मध्ये आलीस तर चिरून टाकीन."

त्या अधू बोटाने ट्रिगर ओढवेना. मी इंजिनिअर माणूस, दिसेल ते खोलायची खाज. म्हटलं, "वहिनी, द्या इकडे. हलका करून देतो."

"नको हो भाऊजी. परवाना जाईल तो जाईलच. शिवाय माझा राग तुम्हाला माहितीये. हलका केलात तर पहिला बळी पोस्टमनचा जायचा."

राग चांगलाच माहीत होता. पार्किंगमध्ये रेवावर खेकसणाऱ्या एका आडदांड माणसाला त्यांनी छत्री मोडेपर्यंत झोडपलं होतं.

मग त्यांनी पिस्तूल तसंच ठेवलं आणि बोटाला कामाला लावलं. रोज पुऱ्यांची कणीक, उजव्याच हाताने, दगडासारखी. रेवा कंटाळून जर्मनमध्ये म्हणायची, "ममा, एस राइश्ट!" म्हणजे, आई, बास झालं.

"बास काय? अजून घट्ट," वहिनी म्हणायच्या. त्या हिवाळ्यात बिल्डिंगमधल्या जर्मन म्हाताऱ्यांनाही पुऱ्यांची सवय लागली. पुरीवहिनी हे नाव तेव्हाच पडलं.

मार्चमध्ये तो नवरा आला. जिन्यातच, चाकू घेऊन. बोटाने दगा दिला नाही, ट्रिगर ओढला गेला. पण अरुंद जिन्यात गॅसने दोघांचेही डोळे मिटले, आणि तो दिसत नसताना भोसकत सुटला. मी धावत उतरलो तेव्हा भिंतीवर रक्ताचे ओघळ होते. वहिनी पायऱ्यांवर कोसळल्या होत्या आणि त्याचं चाकूवालं मनगट त्यांच्या उजव्या मुठीत होतं. मी जिन्यातली कुंडी उचलून त्याच्या डोक्यात घातली. पुढे पोलीस आले, तर ती मूठ सोडवायला दोघांना जोर लावावा लागला. वर, बंद दाराआड, रेवाला ओरखडासुद्धा नव्हता.

वहिनी त्याच संध्याकाळी गेल्या. मला अजून त्या माणसाचा इतका राग येतो, की कुंडी लहान पडली असं वाटतं.

रेवा आता आमच्याकडे राहते, युगेंडआम्टने, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याने, परवानगी दिली. मराठीत विचारलं तरी जर्मनमध्येच उत्तर देते. परवा बायको कणीक मळत होती. रेवाने परात स्वतःकडे ओढली आणि मुठी रोवून मळायला लागली.

"बास ग, छान झाली," बायको म्हणाली.

"बास काय?" रेवा मान वर न करता म्हणाली. "अजून घट्ट."