स्टोव्हची नळी आणि मोटारीचा दाब

तारीख १३ मार्च १९५५, रविवार. रक्कम बेचाळीस रुपये. हजर मंडळी: मी, माझे साडू, अकोल्याहून बोलावलेला मेकॅनिक, आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली माझी बायको. तिचं लक्ष तांदळाकडे नव्हतं.

बेचाळीस रुपये ही मोटारीच्या नव्या पंपाची किंमत होती. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाकडे ढकलणारा हा मुठीएवढा डबा इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो. मेकॅनिकनं एक नळी सोडवली, इंजिन फिरवलं, पेट्रोलची बारीक धार पाहिली आणि म्हणाला, "पंप थकला साहेब. दाब नाही. नवा टाका."

साडू लगेच खिशात हात घालू लागले. मी म्हणालो, "थांबा. दाब नाही म्हणजे किती नाही?"

मेकॅनिक आकाशाकडे पाहून म्हणाला, "नाही म्हणजे... कमी आहे."

"कमी म्हणजे किती? हा काही आकडा झाला नाही."

मी अकोल्याकडच्या मालेगावात, सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. कापसाच्या बोज्याचं वजन 'कमी आहे' असं मी मालकाला सांगितलं असतं, तर मालकानं मलाच काट्यावर बसवलं असतं. मेकॅनिकला जाण्यायेण्याचं भाडं आणि चहा देऊन वाटेला लावलं.

मोटार मी आणि साडू यांनी निम्मी निम्मी घेतलेली, लढाईच्या आधीची, इंग्लंडची. साडूंचा गावाला लागून भाजीचा मळा होता आणि घर आमच्या मागच्याच गल्लीत. भागीदारीत भांडण नको म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी एक रीत ठरवली होती. पेट्रोल दाखवणारा काटा बंद पडलेला, म्हणून टाकीत बांबूची खाचा पाडलेली काठी घालून पेट्रोल मोजायचं. किल्ली माझ्याकडे राहील आणि काठी साडूंकडे. ज्याच्या हातात चाक, त्याच्या हातात माप नको. ही रीत माझीच होती आणि मला तिचा अभिमान होता.

मोटारीला खोड एकच. पाच-सहा मैल नीट चालायची, मग दोन उचक्या देऊन थांबायची. साडू खाली उतरून मागं जायचे, टाकीचं झाकण उघडून काठी घालायचे, हात जोडायचे. पाच मिनिटांनी गाडी सुरू. साडूंचं म्हणणं, ती हात जोडल्यानं सुरू होते. मी म्हणायचो, विश्रांतीनं. पुरावा दोघांकडेही सारखाच होता.

एरवी हे चाललं असतं. पण एप्रिलअखेर साडूंच्या मुलीचं लग्न होतं, मुलगी केनवडच्या घरात दिली होती. साखरपुड्यात साडूंनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं, "पोरीची पाठवणी आमच्या घरच्या मोटारीतून होईन." त्यावर नवरदेवाचे मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "मोटारीमागं आमची बैलजोडी धाडतो. ओढाले कामी येईन." सगळी बैठक हसली. साडू हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. आता पंप मी अडवला म्हणजे मोटार केनवडच्या वाटेवर थांबली तर जबाबदार मी.

बायकोनं हे मला स्पष्ट सांगितलं. "अवो, पोरगी हळदीच्या अंगानं रस्त्यावर उभी राह्यली, तर मी तुमाले घरात घेनार नाई. बेचाळीस रुपयांसाठी कायले अडून राह्यले?"

"बेचाळीस रुपयांसाठी नाही. आकड्यासाठी."

"मंग आकडा खा रातच्याले," ती म्हणाली.

दाब मोजायचं तयार यंत्र अकोल्यात पंपापेक्षा महाग. तेव्हा ते घरी करायचं ठरवलं. मोटारीच्या पुस्तकात लिहिलं होतं की पंपाचा दाब दीड ते अडीच पौंड असावा. सायकलच्या हवेचा मापक एवढ्या थोड्या दाबाला हलतही नाही. एवढा थोडा दाब गावात मोजतं कोण, असा विचार करता एकच माणूस आठवला, दवाखान्याचा कंपाउंडर.

त्याच्याकडे रक्ताचा दाब मोजायचं एक जुनं, घड्याळासारख्या काट्याचं यंत्र पडून होतं. दंडाला गुंडाळायची पिशवी उंदरांनी खाल्लेली, पण काटा शाबूत. ते यंत्र पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतं. हवेचा दाब पौंडात पावणेपंधरा आणि पाऱ्यात सातशे साठ, म्हणजे एका पौंडाला साधारण बावन्न. त्या हिशेबानं निरोगी मोटारीचा काटा अठ्ठ्याहत्तर ते एकशे तीसच्या मध्ये राहिला पाहिजे. हे ऐकून कंपाउंडर खुर्चीवरून उठलाच. "म्हंजे मानसासारखंच की हो! मी येतो. पेशंट मी पाहीन."

राहिली जोडणी. पंप आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत एक तीन तोंडांचा सांधा बसवायचा, तिसऱ्या तोंडाला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला घड्याळ. पितळी सांधा कशाचा करावा? माळ्यावर एक स्टोव्ह होता. तो मी निकामी समजलो. त्याची नळी काढून फुटक्या भांड्यांना डाक लावणाऱ्याकडून सांधा करून घेतला. तो स्टोव्ह निकामी नव्हता, लग्नघरी चहासाठी न्यायला म्हणून बायकोनं मुद्दाम दुरुस्त करून वर ठेवला होता, हे मला सांधा थंड झाल्यावर कळलं. माझा चहा तिनं चार दिवस चुलीवर केला आणि शेवटी दिला.

रबरी नळी बॉनेटच्या दांडीला उंच बांधली, म्हणजे पेट्रोल घड्याळापर्यंत चढणार नाही, मधली हवाच दाबली जाईल. शेजारीपाजारी पाहायला जमले. त्यांच्या बिड्या मी ओट्यावर जमा करून घेतल्या.

पहिली मोजणी मी एकट्यानं गाडी जिनिंगपासून लांबच्या वाटेनं फिरवून आणल्यावर केली. इंजिन चालू, काटा साठवर. कंपाउंडरनं बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं, "अशक्तपना."

जमलेल्या मंडळींत हळहळ पसरली. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, लय दमली असन ते. गुळाचं पानी द्या तिले."

"तिले पेट्रोल लागते, आजी."

"मंग गुळ तुमी खा. तुमीबी वाळले."

संध्याकाळी साडू मळ्यातून आले. त्यांना साठचा आकडा सांगितला तसे ते पुन्हा खिशात हात घालू लागले. मी म्हणालो, तुमच्या डोळ्यांनी बघा. आम्ही दोघं फेरी मारून आलो, त्यांनी काठीनं पेट्रोल मोजलं, मी यंत्र जोडलं. काटा एकशे दहावर! टुणटुणीत!

दुसऱ्या दिवशी मी एकटा: अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी साडूंसोबत: एकशे बारा. पुन्हा मी: साठ. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही काट्यानं मला असं फसवलं नव्हतं. मी सांधा तपासला, नळी बदलली, घड्याळ मोकळं सोडून काटा शून्यावर येतो का पाहिलं. येत होता.

साडूंची छाती मात्र रोज थोडी रुंद होत होती. "भाऊ, ते तुमाले पाहून भेते. तुमी तिच्याकडे वसुलीले आल्यावानी पाह्यता."

"मोटार भीत नसते."

"मंग तुमच्या हाती साठ काहून? माह्या हाती एकशे दहा काहून? सांगा ना, तुमी तर हिशेबनीस."

कंपाउंडरनं दवाखान्यातलं चांगलं यंत्र आणून माझाच दाब मोजला. एकशे साठ भरला. "साहेब, तुमचा एकशे साठ, तिचा साठ," तो म्हणाला. "दोघाची सरासरी एकशे दहा. काळजीचं कारन नाई."

ही गोष्ट गावात पसरली. बाजारात भाजीवाल्या मला 'कसं हाय पेशंट' असं विचारू लागल्या. एकीनं पालकाची जुडी फुकट दिली, मोटारीसाठी.

करता करता लग्न उद्यावर आलं. साडूंच्या दारात मांडव पडला, केनवडहून निरोप आला की बैलजोडी खरंच निघते आहे, तिच्या शिंगांना रंगही दिला आहे. साडू सकाळीच माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "भाऊ, बेचाळीस रुपये मी एकटा देतो. पन आता अकोल्याहून पंप येनार तरी कवा? पोरीले काय सांगू?"

मी म्हणालो, "शेवटची मोजणी. तुम्ही, मी, दोघं. फेरी मारून आल्यावर मी सांगेपर्यंत मोटारीला हात लावायचा नाही."

आम्ही फेरी मारून आलो. यंत्र जोडलं. साडू शेजारी उभे असूनही काटा साठवर! साडूंना घाम फुटला. कंपाउंडर म्हणाला, "आता तुमालेबी भेते ते."

मला वाटलं, साडूंना बाजूला नेऊन पाणी द्यावं. पण ते सवयीनं काठी घेऊन मागं गेले. फेरी झाली की पेट्रोल मोजायचं, ही आमचीच रीत. मी काट्याकडे पाहत होतो. मागून आवाज आला, सुस्स. आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा साठवरून चढत चढत एकशे दहावर जाऊन बसला.

"काय केलं?" मी ओरडलो.

साडू हात जोडून उभे होते. "काई नाई. पाया पडलो."

"त्याआधी?"

"झाकन उघडलं. मंग तिनं श्वास सोडला. मंग पाया पडलो. रोजच सोडते ते श्वास. पूजा पावली म्हून."

"रोज? आणि मला कधी सांगितलं नाही?"

"तुमी आकडे इचारता. श्वास कधी इचारला?"

मी म्हणालो, झाकण लावा, पुन्हा फेरी मारू, आणि या वेळी हात न जोडता उघडा. साडू म्हणाले, ते जमणार नाही. तेव्हा बायको पदर खोचून पुढं झाली. फेरीनंतर तिनं झाकण उघडलं, हात जोडले नाहीत, उलट नाक मुरडलं. सुस्स. काटा एकशे दहावर.

मोटारीच्या पुस्तकात झाकणाचं चित्र होतं. मध्यभागी बारीक भोक असतं, पेट्रोल संपत जाईल तशी त्यातून हवा आत यायला. आमच्या झाकणाला भोक दिसेना. भोकच काय, झाकणही दिसेना. त्यावर बोटभर जाडीचा शेंदूर होता. साडू दर शनिवारी मारुतीला शेंदूर वाहून उरलेला तेलात कालवून मोटारीच्या झाकणाला लावायचे. तिथंच का? "ते तिचं तोंड ना," ते म्हणाले. "तिथूनच खाते ते."

म्हणजे टाकीत हवा जायची बंद. पंप बिचारा ओढून ओढून थकत होता. झाकण उघडलं की मोकळा. काठी साडूंकडे, म्हणून त्यांच्या वेळी झाकण उघडलं जायचं आणि एकशे दहा यायचा. माझ्याकडे किल्ली तेवढी, म्हणून साठ. माझीच रीत मला महिनाभर फसवत होती.

मी खरवडायला चाकू मागितला. साडू झाकणासमोर आडवे झाले. "शेंदूर चढला का देव झाला. देवाले चाकू लावता? उद्या पोरीचं लगन हाय!"

"लग्न आहे म्हणूनच लावतो!"

"मंग पंप आना!"

"पंप चांगला आहे!"

शेवटी साडूंनीच तोड काढली. मारुतीच्या पुजाऱ्याला विचारू, तो म्हणेल तसं. पुजारी आला, चष्मा लावला, झाकण चारी बाजूंनी पाहिलं. मग मला विचारलं, "भोक कायचं म्हनता?"

"हवा आत जायचं."

"म्हंजे नाक," पुजारी म्हणाला. "मंग शेंदूर खरवडाचं काम नाई. देवाले नाक पाह्यजेच. कोरून घ्या."

साडूंचा चेहरा उजळला. नाकाचं कोणालाच सुचलं नव्हतं. पुजाऱ्यानं स्वतः पोती शिवायचं दाभण घेऊन मंत्र म्हणत शेंदराला दोन भोकं पाडली. मी म्हणालो, एक पुरे. तो म्हणाला, एका नाकपुडीचा देव मी आजवर पाहिला नाही.

पाठवणीच्या दिवशी चाक माझ्या हाती होतं. शेजारी नवरदेव, मागं मुलगी आणि तिची पाठराखीण, आणि त्यांच्यामागं सगळ्यांच्या वर उठणारा पेट्रोलचा वास, कारण शेंदराची भोकं मोठी झाली होती. गाव सोडल्यावर वडाखाली मामांची बैलजोडी रंगवलेल्या शिंगांनी उभी होती. आम्ही न थांबता पुढं गेलो. मुलगी रडत होती. रडायची थांबून ती डोळे पुसत म्हणाली, "मावसाजी, बाबाले सांगजा, गाडी नाई थांबली." मग पुन्हा रडू लागली.

केनवडला पोचलो तरी इंजिनाची एक उचकी नाही. बैलजोडी दिवे लागल्यावर आली. मामा बैलगाडीतून उतरून मोटारीला एक फेरी घालून आले, शेंदराचं झाकण पाहिलं, आणि नकळत त्यांनीही हात जोडले.

घड्याळ कंपाउंडरला परत केलं. पुढं कितीतरी दिवस दवाखान्यात दंडाला यंत्र लावलं की पेट्रोलचा वास येतो, अशी पेशंटांची तक्रार होती. स्टोव्हला नवी नळी बसवून दिली, तरी दिवसाचा पहिला चहा मला अजून शेवटीच मिळतो.

शेवटी दिलेली रक्कम: सव्वा रुपया आणि एक नारळ, मारुतीच्या पुजाऱ्याला. दहा आणे साडूंचे, दहा माझे. नारळ साडूंनी एकट्यानं दिला.