शर्यतीच्या रस्त्याला लागलेली विहीर

२००४ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शिक्षण तिसरी. पण वाडीतली केळ मला जितकी कळते तितकी कुणाला कळत असेल तर त्याने समोर यावं.

आमची सून स्टेशनजवळ छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर काम करायची. घरीही तिने एक जुना कॉम्प्युटर आणला होता, त्यात गाड्यांच्या शर्यतीचा जुनापुराणा खेळ. ती तो खेळायची कमी आणि दुरुस्त जास्त करायची. रस्त्याकडेची झाडं धुरकट दिसतात म्हणून नवीन चित्रं चिकटवायची. मी एकदा बघितलं. झाडं कसली, पुठ्ठे! एकाला फळ नाही.

"सूनबाई, लावायचीच तर आपली वाडी लाव."

"लावते की, आबा."

तिने फोटो काढला. होळीच्या नाक्याजवळची आमची वाडी, केळी, मधे विहीर. तो एकच फोटो फरशीसारखा जोडत जोडत तिने अख्ख्या रस्त्याला फिरवला. परदेशातल्या गाड्या आमच्या केळींमधून सुसाट! आळीतली माणसं बघायला आली. धाकटा भाऊही आला. वाटणी झाल्यापासून त्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता.

"ही विहीर कोनाची?"

"सामायिक."

"मग मला विचारलंस?"

"अरे, गाड्या चालल्यात. तुझं पानी कोन उपसतंय?"

"दादा, माझी अर्धी विहीर काढ तिथून. नाहीतर पंप बंद."

पंपाचा स्टार्टर त्याच्या घरामागच्या खोपीत. माझ्या केळींनी नुकती केळफुलं टाकलेली, वर उन्हाळा. पण मी नमणारा नव्हे. सुनेला म्हटलं, "काप त्याची अर्धी."

"आबा, कसं दिसेल ते?"

"काप."

तिने कापली. अर्धा कठडा, अर्धी कप्पी, तिला लटकलेली अर्धी बादली. अशा अर्ध्या विहिरी रस्ताभर, दर वळणाला. धाकट्याला बोलावून दाखवलं.

"लोक म्हनतील मीच तोडली."

"तूच बोललास काढ."

"तू काढशील असं कुठं वाटलं मला!" म्हणाला, आणि तडक जाऊन पंप बंद केला. आता सांगा, ह्याला काय म्हणायचं?

केळींची पानं मिटायला लागली. आमच्या हिने ताट वाढता वाढता सुनावलं, "गाडीवाल्यांना हिरवी वाडी, आन आपल्याला वाळकी. छान शर्यत."

संध्याकाळी मी सुनेला म्हटलं, मला एक फेरी मारून आण, सावकाश. बाकीच्या गाड्या कधीच पुढे गेल्या. आम्ही बैलगाडीच्या चालीने. आत सगळं हिरवंगार, खिडकीबाहेर माना टाकलेल्या केळी. प्रत्येक अर्ध्या विहिरीपाशी माझी नजर अडकायची. माझीच विहीर, आणि तिला दुसरी बाजू नाही.

"पुन्हा पुरी करता येते का गं?"

"येते. पण नवीन फोटो लागेल, आबा. जुना मी कापून बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकट्याच्या दारात उभा राहिलो. माफीबिफी काही नाही. म्हटलं, "दाढी कर. इस्त्रीचा सदरा घाल. विहिरीला तुझ्या बाजूने उभा राहा, फोटो काढायचाय."

"रस्ताभर मी दिसनार?"

"दर वळणाला."

तो आरसा घेऊन ओट्यावर दाढीला बसला. त्याच्या गालाला फेस लागलेला बघून मी मागच्या खोपीत गेलो आणि स्टार्टर दाबला.