बाबांना आलेला देवदाराचा वास

त्या शहराचं नाव मी घेणार नाही. फुकटची जाहिरात मी का करू? हिमालयात आहे, थंड आहे आणि तिथून आलेला प्रत्येक जण "अगं, स्वर्ग आहे स्वर्ग!" म्हणतो, एवढं पुरे. मी चार दिवस त्या स्वर्गात काढले आणि चारही दिवस ओढणी नाकाला लावून काढले.

हौस माझी नव्हतीच. बाबांची होती. आणि बाबांनी उभ्या जन्मात कधी 'मला अमुक ठिकाणी ने' असं कोणाला म्हटलेलं नाही, म्हणून तर मी अडकले.

बाबा नवी मुंबईत, महाप्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. मी चौथीत असताना तिथे क्लोरीनची लाईन फुटली. बाबा आणि त्यांचा एक दोस्त, दोघंही समोरच उभे. जीव वाचले, छातीही हळूहळू सावरली, पण दोघांचं नाक गेलं ते गेलंच. म्हणजे नाक जागेवर आहे, चांगलं सरळ धारदार आहे, वास तेवढा येत नाही. आतली नस जळली, आता आशा धरू नका, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून घरातलं वासाचं काम माझ्याकडे आलं. आम्ही तेव्हा घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. दूध नासलंय का, शेगडीचा गॅस सुटलाय का, बोंबील ताजे आहेत का, बाबा वस्तू माझ्यासमोर धरायचे आणि विचारायचे, "काय येतंय गं?" मी सांगायचे. थापा मारायच्या नाहीत एवढी एकच अट, कारण माझ्या नाकाच्या भरवशावर तो माणूस जेवायचा. त्यामुळेच असेल, माझं नाक भलतंच तिखट झालं. नवरा म्हणतो, तुला पोलिसांनी कुत्र्याच्या जागी भरती करून घ्यायला हवं. म्हणू दे. त्याचे मोजे कोण धुतं ते त्याला माहीत आहे.

तर ते बाबांचे दोस्त. मी त्यांना काका म्हणते, दिघ्याला राहतात. ते मुलाबरोबर त्या शहरात फिरून आले आणि बाबांना फोनवर म्हणाले, "मर्दा, वास आला! देवदाराच्या जंगलात हुबा राह्यलो आन् नाक खाडकन उघडलं!" बाबांनी फोन ठेवला आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभे. "पोरी, नेशील का मला तिथं? एकदाच. आला तर आला, न्हाई तर न्हाई."

आता ह्याला नाही कोण म्हणणार? आईने मात्र गुडघ्यांचं कारण काढून अंग काढून घेतलं. "दुरून डोंगर साजरे," म्हणाली, "तुम्ही बापलेकच जा." बाई शहाणी आहे.

हॉटेलात पाऊल टाकलं आणि मला कळलं की चुकलं. खाली अंथरलेला गालिचा ओला. का ओला, कोणालाच माहीत नाही. रजई उचलली तर तिच्यात आधीच्या दहा पाहुण्यांचं खोबरेल, घाम आणि कोणाच्या तरी पोराची ओकारी. ईऽऽ! मी ती दोन बोटांनी उचलून दाराबाहेर टाकली आणि रात्रभर स्वेटरवर स्वेटर घालून कुडकुडत पडले. बाबा आपले मस्त झोपले.

सकाळी गाडीवाल्याने हातात एक लॅमिनेट केलेला कागद ठेवला. अकरा पॉईंट. मी म्हटलं, "भैया, हमको सिर्फ देवदार का जंगल देखना है." तो म्हणाला, "मॅडम, वो लास्ट डे में आता है." मी भांडले. मी बऱ्यापैकी भांडते. पण पॅकेजची लाईन म्हणे ठरलेली असते, ती देवालाही मोडता येत नाही. बाबा म्हणाले, "असू दे की. रोज थोडं थोडं बघू. कुठंबी उघडंल."

मग सुरू झालं. पहिला पॉईंट, दरीचा. दरी नावाला. दिसत होती माणसांची डोकी आणि त्यांच्यावर उभारलेल्या सेल्फीच्या काठ्या. बाबा कठड्याशी गेले, रुमालाने नाक स्वच्छ केलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मग माझ्याकडे वळले. "काय येतंय गं?"

"घोड्याची लीद आणि मॅगी."

"आणिक?"

"कोणीतरी कोपऱ्यात मुतलंय."

"मला कायच न्हाई," बाबा म्हणाले आणि रुमालाची घडी खिशात ठेवली.

दुसरा पॉईंट, डोंगरावरचं देऊळ. माकडांनी प्रसादाचे पुडे फाडून पायऱ्याभर चिकट करून ठेवलेलं, त्यात लोकांचे अनवाणी पाय, त्यावर केळ्याच्या साली. तिसऱ्या ठिकाणी डोंगरी पोशाख भाड्याने घालून फोटो काढायचा होता. ते मखमली झगे कधी धुतले असतील? धुतात तरी का? एक नवीन लग्न झालेली मुलगी तो झगा लाजत लाजत घालत होती. मला वाटलं ओरडून सांगावं, बाई गं, अंगाला खाज सुटेल! रोपवेच्या रांगेत दीड तास, पुढच्या माणसाने गुटख्याची पिचकारी मारली ती माझ्या बुटाच्या टोकावर. मी त्याला असं काही झापलं की पुढचा अर्धा तास तो गिळत होता. गिळू दे मेल्याला.

आणि प्रत्येक ठिकाणी बाबांचं तेच. रुमाल, डोळे बंद, मोठा श्वास. मग तोच प्रश्न. मी जे होतं ते सांगत होते. डिझेल. सडकी कोबी. ओला कुत्रा. मला कुठे माहीत होतं की माझ्या एकेका उत्तराबरोबर त्यांचं तोंड उतरत चाललंय? माहीत होतं, खरं तर. पण चिडले की माझं तोंड माझं राहत नाही.

संध्याकाळी काकांचा फोन ठरलेला. स्पीकरवर घेतला नाही तरी मला ऐकू यायचं. "आला का रं?" बाबा म्हणायचे, "अजून न्हाई. जंगल राह्यलंय."

तिसऱ्या संध्याकाळी फोन ठेवून बाबा खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "तुझ्या पोरीला मी एवढ्याशीला मांडीवर घेतलं. लोक म्हणतात, बाळाच्या टाळूला वास असतो. आता ती नववीत गेली. मला तो कळलाच न्हाई." मी उगाच बॅग भरत बसले.

चौथ्या दिवशी जंगल. बोर्डावर मोठ्ठं 'देवदार पॉईंट', त्याखाली पाणीपुरी, कणसं, फुगे फोडायची बंदूक. झाडं होती, नाही म्हणत नाही. उंच, काळपट, देखणी. पण त्यांच्या बुंध्यापासून खाली उतारभर काय होतं माहितीये? प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, पोरांचे वापरलेले डायपर. सगळ्या शहराचा कचरा त्या उतारावर लोटलेला, आणि एका कडेने तो पेटवून दिलेला. धूर खालून वर झाडात शिरत होता. मी ओढणीचे चार पदर केले. एवढ्या लांब, एवढा जीव आटवून, हे बघायला आलो? थू तुमच्या स्वर्गावर!

बाबा पुढे गेले. त्यांची नजर वर शेंड्यांकडे होती. रुमालाने नाक पुसलं, डोळे मिटले, श्वास घेतला. आणि तिथेच खिळले.

"आला," ते म्हणाले. मग ओरडलेच. "आला गं! आला! नाकात शिरलाय, तिखट हाय, झोंबतोय!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने. वास न येणाऱ्या माणसालाही झोंबणं कळतं, ते वेगळं आणि वास वेगळा, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलेलं आई कितीदा सांगायची. बाबा आता तो फरकच विसरले होते. मला कचऱ्याशिवाय काही येत नव्हतं. देवदाराचा वास कसा असतो ते मला आजही ठाऊक नाही.

त्यांनी माझा दंड धरला. "देवदारच ना? काय येतंय, सांग की."

चार दिवस खरं बोलून बोलून ज्या माणसाचं मी तोंड उतरवलं होतं, तो लहान पोरासारखा हसत होता.

"देवदारच, बाबा," मी म्हटलं.

अर्धा तास उभे होते ते तिथे. खोकत होते आणि ओढत होते. मी त्यांना तो धूर ओढू दिला. दोन पावलांवर उभी राहून बघत होते. कचरा पेटवणाऱ्यांपेक्षा मला स्वतःचीच जास्त किळस आली.

आई-बाबा आता माझ्याकडेच असतात; घरी आल्यावर बाबांनी आमच्या घणसोलीच्या सोसायटीभर सांगितलं. वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. नातीला जवळ ओढून तिच्या केसांत नाक खुपसलं आणि म्हणाले, "अजून न्हाई, पण येईल." काकांशी रोज तासभर गप्पा.

पंधरवड्याने एका संध्याकाळी ऑफिसातून आले. खालीच घशाला काहीतरी लागलं. महाप्याच्या बाजूने कुठल्यातरी कंपनीने गॅस सोडला होता. आमच्याकडे हे अधूनमधून होतं. सोसायटीच्या ग्रुपवर 'वास येतोय का?' सुरू होतं आणि सगळे धडाधड खिडक्या लावतात. मी धावतच वर गेले. बाबा गॅलरीत, कठड्याला धरून, डोळे मिटून, छाती भरभरून श्वास घेत होते.

"आला गं! इथंबी आला! तोच!"

मी त्यांना ओढून आत घेतलं आणि दार लावलं. "बाबा, गॅस आहे तो! मराल!"

"गॅस कसला? तोच वास हाय. मला कळत न्हाई व्हय?"

"तोच आहे," मी म्हटलं आणि मग थांबता आलं नाही. "तिथेही कचरा जळत होता. प्लास्टिक. देवदाराचा वास मलासुद्धा आला नाही, बाबा. मी खोटं बोलले."

ते खुर्चीत बसले. खूप खोकले. मी पाणी दिलं, ते प्यायले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि घडी करून परत ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. काका. बाबांनी उचलला.

"काय मर्दा," पलीकडून आवाज आला, "येतोय का अजून वास?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे.

"येतोय की," ते म्हणाले. "झकास येतोय. तुला आला व्हता ना, तोच."