चुंबकावर टांगलेलं सोनं

नागावच्या किनाऱ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. टोप्या, शिंपल्यांच्या माळा, पोरांच्या प्लास्टिकच्या बादल्या असलं सगळं ठेवते, पण माझा खरा माल म्हणजे चुंबकाचे ब्रोच. पुढे फूल नाहीतर मोर, मागे बटणाएवढा चुंबक, मधे कापड. टोचायचं नाही, रेशमाला भोक पडायचं नाही. पहिल्यांदा पाहिलं ते मुरुडच्या बाजारात. एका मुसलमान बाईने डोक्यावरची ओढणी दोन गोल चुंबकांनी हनुवटीखाली अशी अलगद बसवली होती की मी तिला भर बाजारात थांबवून विचारलं, हे काय घातलंय? तिने तिथेच काढून दाखवलं. आठवड्याभरात मी मुंबईहून पाकीटभर चुंबक मागवले आणि खड्यांची फुलं आणून मागे लोखंडी चकत्या चिकटवायला बसले.

धंदा चालला. खोटं कशाला बोलू, मला त्याची चांगलीच चढली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या बायका यायच्या, मी त्यांच्या ओढणीला ब्रोच लावून म्हणायची, आता घ्या झोपाळ्यावर चार झोके, पडला तर दुसरा फुकट. कुणाचा पडला नाही. मग मला वाटायला लागलं की चुंबक म्हणजे काय ते मला एकटीलाच कळतं.

आता आईचं सांगते. माझी आई धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तरी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते. गावदेवीपासून दर्यापर्यंत सगळ्यांना लग्नाला बोलावते, घरातल्या मेलेल्या माणसांनाही बोलावते, आणि प्रत्येक विधीला त्याचं त्याचं गाणं असतं. हे कुठे लिहिलेलं नाही. आई एक इयत्ता शिकलेली नाही. तिला तिच्या मावशीने तोंडी दिलं आणि तिने ते पन्नास वर्षं डोक्यात सांभाळलं. एखादं देवाचं नाव गाळलं तर तो देव रुसतो, असं आमच्यात मानतात, म्हणून धवलारणीची आठवण हीच तिची अब्रू. चौलपासून पार पेणच्या बाजूपर्यंत आईला बोलावणं यायचं. मी लहानपणी विचारलं होतं, तू विसरत कशी नाहीस? तर म्हणाली, "श्वास घ्यायचा कुनी इसरतं कं गो?"

आईकडे एक सोन्याचं फूल होतं, अंबाड्यात खोवायचं. आमच्या घरची रीत अशी की नवरी घरात घ्यायची त्या दिवशी, तिच्याच मांडवात, घरातली थोरली बाई आपल्या अंगावरचं ते फूल काढून नवरीला घालते. डबीतून काढून द्यायचं नाही, अंगावरूनच द्यायचं. आईला ते तिच्या सासूने तसंच घातलं होतं आणि आईने माझ्या वहिनीला. वहिनीने ते पुन्हा आईकडेच सांभाळायला दिलं होतं, कारण घरात थोरली आईच.

चार वर्षांपूर्वी भाच्याचं, म्हणजे माझ्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी दिघीची. लग्न त्यांच्याकडे, म्हणजे वऱ्हाड आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून जायचं. लग्नाच्या आठवडाभर आधी आई फूल घेऊन माझ्याकडे आली.

"केस उरलेत कवढे?" ती म्हणाली. "फूल खोवलं तं अंबाड्यासकट खाली येल."

आणि माझी जीभ नेहमीसारखी पुढे. म्हटलं, आण इकडे, पदरावर लावून देते. आईला चुंबकाचं मोठं नवल वाटायचं. ती दुकानात आली की चुंबक हातात घेऊन माझ्या लोखंडी खुर्चीला लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मी चिडवायची, आई, माझा माल झिजवतेस. तिने फूल माझ्या हातात दिलं. मी फुलाची मागची काडी सोनाराकडून काढून घेतली, तिथे लोखंडाची पातळ चकती चिकटवली. जड ब्रोचला मी दोन चुंबक लावते. आईला एकच लावला. दोन लावले तर पैठणीचा पदर फुगीर दिसत होता आणि मला ते पाहवेना.

लग्नाच्या सकाळी मी ते आईच्या खांद्यावर लावलं. वहिनी म्हणाली, "ताई, मागून एक दोरा तरी घाला. बोटीवर वारा असतो."

चार बायका तयार होत होत्या त्यांच्यादेखत मी म्हणाले, "वहिनी, माझ्या धंद्यातलं मला शिकवू नका. गॅरंटी माझी."

वहिनी आपल्या निऱ्या करायला वळली. आई आरशात खांद्याकडे बघत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती. ती इतकी छान दिसत होती की दोरा घालायची बुद्धी मला तेव्हाही झाली नाही.

फेरीबोट म्हणजे सगळी लोखंडाची. खाली आमची बस, टेम्पो, बाकीच्या गाड्या, आणि माणसं कठड्याला टेकून. आई कठड्याशी उभी होती, एका जाड खांबाला लागून. तिला खाडी बघायला आवडायचं. मी दोन हातांत दोन पिशव्या घेऊन तिच्यापासून सात-आठ पावलांवर. वारा होता. मधे एकदा तिचा पदर उडून खांबाला लपेटला आणि तिने तो हाताने सोडवून घेतला, तेवढं मी पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

दिघी आली. सगळे घाईने उतरले, मी पिशव्यांमुळे शेवटी राहिले. आई उभी होती त्या खांबापाशी आले आणि पाय थांबले. खांबावर, खांद्याच्या उंचीवर, बटणाएवढा चुंबक बसला होता. माझाच. ओळखीसाठी मी चुंबकावर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका देते, तो ठिपका माझ्याकडे बघत होता.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. पातळ चकतीपेक्षा चुंबकाला जाड खांब जवळचा वाटला. पदर लपेटला तेव्हा आतल्या बाजूचा चुंबक थेट खांबाला चिकटला, आईने पदर ओढला तसा तो तिथेच राहिला, आणि पुढचं फूल धरून ठेवायला काही उरलं नाही. मी खाली वाकून पाहिलं, गाड्यांच्या चाकांमधे पाहिलं. कठड्याखाली हातभर फट होती आणि फटीखाली पाणी. बोटीवरचा माणूस ओरडला, बाई, उतरा, गाड्या काढायच्यात. मी चुंबक नखाने उपटून पर्समधे टाकला आणि उतरले.

तेव्हाच हाक मारून सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, लग्नघरात रडारड नको, संध्याकाळी सांगू. हे मी स्वतःला सांगितलं. खरं असं की वहिनीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि माझी गॅरंटी आठवली.

मांडवात फूल घालायची वेळ आली. आईने हात खांद्याकडे नेला. मग दुसऱ्या खांद्याकडे नेला. मग पदर पुढे घेऊन दोन्ही हातांनी चाचपला. नवरी मान खाली घालून वाट बघत बसलेली.

भाऊ जवळ आला. "काय जालं?"

"फूल," आई म्हणाली. "बोटीवर व्हतं. मी हात लावून बघलंय."

भाऊ मुळात वाईट नाही. पण मुलाचं लग्न, व्याह्यांचा मांडव, सगळे बघतायत. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, तू लावलंच नसशील. कपाटात राहिलं असेल. परवा गॅस चालू ठेवून गेली नव्हतीस का?"

फूल मी लावलं होतं. माझ्या हाताने. भावाने माझ्याकडे पाहिलं, आईनेही पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की मी लावलं आणि माझा चुंबक सुटला. मी म्हणाले, "सकाळी लावलं होतं मी. पण मग ती साडी परत नेसली ना, तेव्हा काढलं असेल."

आई साडी परत नेसली होती हे खरं, निऱ्या सुटल्या म्हणून. पण पदर तिने खांद्यावरून हलवला नव्हता. हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, निदान त्या क्षणापर्यंत.

"न्हाय गो," ती म्हणाली. मग थांबली. "लावलेलंच व्हतं... मना वाटतं."

ते 'वाटतं' माझ्या कानात अजून आहे. माझ्या आईने कुठल्याच गोष्टीला 'वाटतं' म्हटलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

वहिनीने स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून नवरीला घातली आणि वेळ निभावली. नंतर आई धवले गायला बसली. देवांना बोलावताना मधेच एकदा तिचा हात खांद्याकडे गेला आणि गाणं थांबलं. दोन-तीन श्वासांपुरतंच, मग तिने पुढचं उचललं. पण बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि आईने ते पाहिलं.

घरी आल्यावर कपाट उपसलं, गाद्या झटकल्या. मीही त्यांच्याबरोबर शोधत होते, मेली मी, डबे उघडून बघत होते. चुंबक माझ्या पर्समधे होता. त्या रात्री सांगितलं नाही, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार, आणि आठवडा गेल्यावर तर तोंडच राहिलं नाही. असं करता करता चार वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला हे खरं वाटणार नाही, पण असंच होतं.

घराला मात्र एक वाक्य सापडलं होतं. आई आता विसरते. भावाने काळजीनेच कपाटाची चावी वहिनीकडे दिली. आईने चहा टाकला की कुणीतरी मागून गॅस बघून यायचं. देवळात निघाली की सोबत कुणीतरी. ती आधी चिडायची, नंतर स्वतःच विचारायला लागली, मी जेवले कं गो? मीठ टाकलं कं? हाताला चव होती, पण विश्वास उरला नव्हता.

लग्नांची बोलावणी यायची. पहिल्या वर्षी तिने आलेल्या सगळ्याच लग्नांना नाही म्हटलं. मी म्हटलं, जा की, तुझ्यासारखं कोण गातं?

"मधीच इसरले तं?" ती म्हणाली. "लोकांच्या पोरीचं लगीन हाय त्ये. खेल न्हाय."

मी तिथे बसले होते. मांडीवर चुंबकांचं पाकीट होतं. पुढे लोक पेणची दुसरी बाई आणायला लागले आणि कुणी कुणी मोबाईलवरच लावायला लागले. आईकडे विचारायला येणं बंद झालं.

या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर शेजारच्या वाडीतली एक म्हातारी आईला भेटायला आली. तिच्या नातीचं लग्न होतं. ती म्हणाली, माझ्या लेकीचं तू लावलंस, नातीचंही तूच लाव, मोबाईल नको मला मांडवात. आईने पदराने डोळे पुसले आणि नाही म्हणाली. म्हातारी गेली. ओटीवर आई आणि मी दोघीच. मला काय झालं माहीत नाही. शूर झाले म्हणण्यासारखं काही नव्हतं, तिचं ते डोळे पुसणं सहन झालं नाही इतकंच. आत जाऊन पर्स आणली. चुंबक तिच्या तळहातावर ठेवला, निळा ठिपका वर करून, आणि सगळं सांगितलं. खांब, पदर, फट, वहिनीचा दोरा, साडी परत नेसल्याचं.

आईने चुंबक बोटांत फिरवला. ती माझ्यावर ओरडेल, हात उगारेल, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मंजे बोटीवर व्हतं," ती म्हणाली.

"होतं."

"मी हात लावून बघलेलं त्ये खरं."

"खरं."

तिने चुंबक ओटीच्या गजाला लावला. तो टक्कन बसला. तिने काढला नाही, तसाच राहू दिला. मग ती सरळ बसली, पाय दुमडले, पदर डोक्यावरून घेतला. मला कळलं ती काय करतेय. मांडवात बसायची तशी बसली होती.

तिने धवला सुरू केला. आवाज बारीक झाला होता, पण चाल तीच. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, दर्या आला. मग घरची माणसं आली. तिच्या सासूचं नाव आलं, माझ्या वडलांचं आलं. मला रडू फुटलं, वाटलं, आहे, सगळं आहे अजून, उद्याच त्या म्हातारीकडे निरोप धाडते.

पुढे हळदीचा भाग येतो. आईने श्वास घेतला आणि तिथे थांबली. मागे जाऊन दर्यापासून पुन्हा धरलं. पुन्हा त्याच जागी आली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून पार गावदेवीपासून उचललं आणि तिसऱ्यांदाही तिथेच थांबली. चार वर्षांत तिने एकदाही ते तोंडाने म्हटलं नव्हतं, आणि मावशीने तिला दिलेलं ते तिच्याशिवाय कुणाकडेच नव्हतं.

तिने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"तवा येत व्हतं गो मना," ती म्हणाली.