जुनं सॉफ्टवेअर चालवणारे भैया

रायपूरच्या आमच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, पण पगारबिलांचं जुनं सॉफ्टवेअर त्यांच्यावर वरचेवर बंद पडायचं. मग तात्यापारा मोहल्ल्यातले मेकॅनिक भैया यायचे. मधेच कधी न बोलावताही येऊन रुमालानं कॉम्प्युटरचे स्क्रीन पुसून जायचे. काम सुरू करण्याआधी हळूच म्हणायचे, "दीदी, तुम्ही चहा पिऊन या."

एकदा मी गेलेच नाही. त्यांनी सेटिंग उघडून 'जुन्या सिस्टिमप्रमाणे चालवा' या ओळीपुढे खूण केली आणि सॉफ्टवेअर सुरू झालं.

"एवढंच?"

"हव. पण कोणाले सांगू नका."

"ही खूण तर कायम राहते ना? मग घडीघडी काहून बिघडते?"

ते बॅग उचलून निघाले. त्यानंतर भैया स्क्रीन पुसायला न बोलावता कधी आले नाहीत, आणि ते सॉफ्टवेअरही एकदाही बंद पडलं नाही.